अस्सल घरगुती मुक्काम

बुऱ्हाणपूरला येणाऱ्या पाहुण्यांनी लॉजवर न उतरता अस्सल बुऱ्हाणपुरी घरात उतरावे, अशी आमच्या अतिथी सुखसोय समितीची नम्र शिफारस आहे. लॉजवर काय, कुणीही झोपतो. घरात झोपायला नशीब लागतं!

नमुन्यादाखल नीलेश कडूचं घर घ्या. खाली टॉवेल विणणारे पॉवरलूम. वरच्या दोन खोल्यांत नीलेश, बायको ज्योत्स्ना आणि आई मथुराबाई. त्यातली एक खोली समितीने पाहुण्यांसाठी लावून दिली. पहिल्याच पाहुण्याने तक्रार केली, खडखडाटाने झोप लागत नाही. आता या गल्लीत लाइट जाऊन लूम थांबले की माणसं दचकून जागी होतात, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! पण पाहुणा तो पाहुणा. समितीने लूम बंद करवले. तेव्हापासून नीलेशचं पोट पाहुण्यांवरच चालू लागलं आणि त्याला नाही म्हणायची सोय उरली नाही.

दुसरी तक्रार मथुराबाईंबद्दल. नको नको म्हणणाऱ्या पाहुणीच्या ताटात त्यांनी "खाय व माय, हाडं दिसू राहिले तुहे" म्हणत आणखी पोळी टाकली आणि वर लग्न कधी करते, हेही विचारलं. पाहुणीने खासगीपणाचा भंग नोंदवला. समितीचे सचिव योगेंद्र जातीने आले.

"नीलेशभाऊ, घर एकदम बढिया आहे. प्रॉब्लेम घरच्यांचा आहे."

"मग काय करू?"

"थोडे दिवस बाहेर राहा ना यार. पाहुण्याले घरगुती वातावरण पाहिजे. घरचे कायले पाहिजे?"

"अरे बाप्पा! माह्याच घरात मी जास्तीची झाली का?" मथुराबाई कडाडल्या. योगेंद्रांनी त्यांच्या पाया पडून स्वतःच तिघांच्या बॅगा खाली उतरवल्या.

घर रिकामं झाल्यावर नवीच तक्रार आली: घरपण जाणवत नाही. समितीने तातडीने मथुराबाईंचा मोठा फोटो पलंगासमोर लावला. पुढच्या पाहुण्यांनी त्याला झेंडूचा हार घातला आणि अभिप्रायात दोन ओळी शोकाच्या लिहिल्या. घराला पहिल्यांदाच पाचपैकी पाच तारे मिळाले.

कडू कुटुंब निंबोल्याला मावशीकडे गेलं. तिथं समितीचा 'केळीबागेतला मुक्काम' सुरू झाला होता आणि मावशी स्वतःच गोठ्यात झोपत होती. झक मारत तिघं परत आले आणि बसस्टँडजवळच्या लॉजवर गेले. मॅनेजरने आधार कार्ड पाहिलं.

"लोकल आहे. लोकलला रूम नाही मिळत."

"पण आम्हाले राहायला घर नाही ना, भाऊ!" ज्योत्स्ना रडकुंडीला आली.

"पत्ता तो है," मॅनेजर म्हणाला आणि त्याने कार्ड परत केलं.

मग ज्योत्स्नाने मोबाईलवर स्वतःचंच घर बुक करायला घेतलं. बघते तर काय, आजपासून पूर्ण भरलेलं. बुकिंग तुमचं होतं.

सासू थकलीय, आजची एक रात्र सोडता का, म्हणून तिने तुम्हाला फोन लावला. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत. "अरेरे, फार वाईट वाटलं," असंही म्हणालात, आणि खोटं कशाला बोला, तुमचा आवाज खरंच दाटून आला होता.

मग तुम्ही विचारलंत, "बरं, गरम पाणी असतं ना तिथं?"