ढमालेकाकांचं रीवर्क

ढमालेकाका नमस्कार करत नाहीत, हात मिळवत नाहीत. समोरच्याचं मनगट धरतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "चालतंय राव, पण खडखड हाय." परवा आमच्या आकुर्डीच्या सोसायटीत नवे भाडेकरू आले. त्यांचा फ्रीज टेम्पोतून उतरायच्या आत काकांनी त्यांची नाडी रिजेक्ट केली होती.

काका भोसरीच्या एका वर्कशॉपमधून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. म्हणजे मालकाने निवृत्त केलं. तपासणी त्यांनी अजून थांबवलेली नाही. इडली असो, आरती असो, "मापात न्हाई" हे ठरलेलं. माझ्या मेव्हण्याकडे पाहून, "हा माल कुठनं उचलला?" असं त्यांनी त्याच्या तोंडावर विचारलं होतं.

मागल्या वर्षी त्यांचं हृदय मधूनमधून ताल सोडून धडधडायला लागलं. डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत घातली आणि हृदयातल्या काही जागा डागल्या. याला ॲब्लेशन म्हणतात. ताल जागेवर आला. दुसरा कोणी देवापुढे नारळ फोडून गप्प बसला असता. काकांनी दोन ईसीजी लॅमिनेट करून घेतले, एक आधीचा, धडधड नसतानाचा, आणि एक नंतरचा, आणि पार्किंगमध्ये माणसं गाठायला सुरुवात केली.

"हे बघा. आधी ठोके साठ. आता पंच्याऐंशी. आमी एक दोष काढायला दिला, यांनी रीवर्क करताना दुसरं माप बिघडवलं."

माझ्याकडे गाडी आहे, या एकाच गुन्ह्यासाठी मला त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जावं लागलं. डॉक्टर बिचारे शांत. म्हणाले, "काका, ठोके सावकाश ठेवणाऱ्या नसा तिथेच असतात. डागताना त्यांनाही झळ लागते, म्हणून वेग थोडा वाढतो. बऱ्याच जणांचा वाढतो. घाबरण्यासारखं काही नाही. ठोके बघा, कसे एका अंतरावर पडतायत."

"वेल्डिंग करताना शेजारची वायर जळाली, तर आमच्याकडं मेमो मिळायचा," काका म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

गेल्या रविवारी आमच्या छतातून पाणी गळायला लागलं, म्हणून तक्रार करायला मी वर त्यांच्या घरी गेलो. काकांनी गळती ऐकून घेतलीच नाही. ईसीजी काढलाच. फक्त आवाज त्यांच्या मानाने फारच खाली होता. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि कागद झटकन सोफ्याच्या उशीखाली गेला. "तर गळती कुठं म्हणालात?" काका म्हणाले. बायकोला घाबरणारा इन्स्पेक्टर. मला मनातून बरं वाटलं.

निघालो तर काकू दारापर्यंत आल्या. गुडघ्यांमुळे त्या खाली कधी उतरत नाहीत. सोसायटीभर गाजलेला ईसीजी त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"भाऊ, तुम्ही गेला होता ना यांच्यासंगं? हे म्हणतात, सगळं पहिल्यासारखं झालं, काडीचाही फरक न्हाई. माझा भाऊ कंपनीत उभ्या उभ्या गेला. तवापासनं छातीचं काही निघालं की मला घास जात न्हाई. खरं सांगा."

त्यांच्या मागे काका उभे होते. त्यांनी हात जोडले होते.

"पहिल्यासारखंच आहे, काकू," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही."

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि मला चकल्या बांधून द्यायला आत गेल्या. काका बाहेर आले, दार ओढून घेतलं.

"ती रोज माझ्या छातीला कान लावून झोपती," ते म्हणाले. "म्हणती, आज लई जोरात वाजतंय. मी म्हणतो, आत्ताच जिना चढून आलोय." बंद दाराकडे एकदा बघून म्हणाले, "तिच्याशी खोटं नको, म्हणून झोपायच्या आधी एकदा खाली जाऊन चढून येतो."