एका दाताचा फरक

"फटफटीला फक्त फडकं मारा. बाकी कशाला हात लावू नका," असं बजावून सासरेबुवा थोरल्या भावाकडे गेले, आणि जावयाने दुसऱ्याच दिवशी इंजिन उघडलं. सासऱ्याचं मुकाट्याने ऐकलं तर तो जावई कसला!

फटफटी सासरेबुवांच्या लेकीपेक्षाही वयाने मोठी. ते एकटे बसले की छान पळायची, पण मागे कुणी बसलं की घराजवळच्या चढावर धापा टाकून बंद पडायची. ती दुरुस्त करून दाखवायची, असा जावयाचा बेत होता. त्यालाही कारण होतं. या घरात राहायला आल्या आल्या त्याने खिळा ठोकताना भिंतीतला पाण्याचा पाइप फोडला होता. तेव्हापासून सासरेबुवा त्याच्या हाती साधा पानासुद्धा देत नसत. विमा कंपनीत तो दिवसभर लोकांच्या अपघातांची चौकशी करायचा, आणि घरात अपघात म्हणून त्याच्याचकडे पाहिलं जायचं. हे त्याला फार लागायचं.

इंजिनाच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. लहान चाक पिस्टनबरोबर फिरतं, मोठं चाक व्हॉल्व्हची उघडझाप सांभाळतं. कुठला दात कुठल्या खाचेत बसतो, यावर सगळा खेळ. एक दात चुकला की पिस्टनचं तोंड पूर्वेला आणि व्हॉल्व्हचं पश्चिमेला. कंपनीने केलेल्या खुणा कधीच झिजल्या होत्या. म्हणून जावयाने बायकोचं लाल नेलपॉलिश घेऊन एका दाताला आणि समोरच्या खाचेला ठिपका दिला, चाकं काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि आतली घाण पुसायला तो अंगणात गेला.

परत येऊन बघतो तर टेबलाशी सासूबाई. चष्मा नाकावर, नेलपॉलिशची बाटली हातात.

"आई, काय केलंत हे?"

"अहो, एकच दात रंगवून उठलात! मला बाई अर्धवट काम बघवत नाही. दोन्ही चाकं पुरी करून टाकली. हात लावू नका, ओलं आहे अजून."

जावयाने कपाळाला हात लावला. एकूण एक दात आणि खाचा लालभडक, आणि रंग इतका एकसारखा की दाद द्यावी.

"मग मूळची खूण कुठली?" बायकोने विचारलं.

"ओळखू येणार नाही," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "अगदी तसाच लावलाय."

"बाबा संध्याकाळी येतायत," बायकोने नवऱ्याला आठवण करून दिली. त्याची गरज नव्हती.

जावयाने अंदाजाने चाकं बसवली आणि किक मारली. इंजिन शिंकलं आणि मागच्या नळीतून असा बार निघाला की समोरचे वकील अर्ध्या दाढीने गॅलरीत आले.

"काय झालं हो?"

"काही नाही, फडकं मारतोय!" बायको ओरडली.

पुन्हा बसवली. या वेळी किक उलटी आली आणि जावई कुंडीत जाऊन बसला.

"अंदाज पुरे," बायको म्हणाली. "नीट समजावून सांगा, काय व्हायला हवं?"

"पिस्टन अगदी वर आला की एक व्हॉल्व्ह मिटत आलेला असतो आणि दुसरा उघडू लागलेला. त्या वेळी दोन्ही सारखेच उघडे हवेत."

"एवढंच ना?" म्हणत सासूबाईंनी विणकामाची सुई आणली. ती प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवली, म्हणजे पिस्टन वर आल्याचं कळेल. जावई इंजिन हळूहळू फिरवू लागला. एका व्हॉल्व्हवर बायकोची नजर, सुईवर आणि दुसऱ्यावर सासूबाईंची.

"सुई थांबली!"

"माझा मिटत आलाय!"

"माझा तुझ्यापेक्षा जास्त उघडलाय. एक दात सरकवा, जावईबापू. नाही, उलटीकडे!"

शेवटी सासूबाईंच्या नजरेला दोन्ही व्हॉल्व्ह सारखे दिसले. आणि त्यांच्या नजरेला सारखं दिसणं म्हणजे काय, हे त्या लाल दातांवरून कळलंच होतं. पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं. बायकोला मागे बसवून जावयाने चढ गाठला, तर फटफटी थांबायचं नावच घेईना. आनंदाच्या भरात तो दोनदा वर जाऊन आला.

संध्याकाळी सासरेबुवा दारात उभे राहिले ते इंजिनाचा आवाज ऐकतच.

"उघडलंत?"

"हो, बाबा."

"चढ चढली? दोघांना घेऊन?"

"अगदी सहज!"

शाबासकीसाठी जावयाने पाठ जवळजवळ पुढे केली होती. पण सासरेबुवांचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, बसू नका आता! चढावरच्या माझ्या ताईकडे जायचंय. इतकी वर्षं गाडी दोघांना ओढत नव्हती, आज ओढतेय. तिच्या यजमानांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचं सगळं ऐकायचं राहिलंय तुमचं!"

सासरेबुवांनी जावयाला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं.

"ते मोठं चाक एक दात मागे होतं," ते कुजबुजले. "मीच ठेवलं होतं. मुद्दाम."

"चढावर जायला नको म्हणून?" जावयाने विचारलं. सासरेबुवांनी मान डोलावली.

"तुमच्या हातात कला आहे, मी ओळखली नाही. उद्या परत एक दात मागे घ्याल? माझे सगळे पाने तुमचे."

जावयाचा ऊर भरून आला. या वाक्यासाठी तो कुंडीतसुद्धा बसला होता. तो हो म्हणणार, एवढ्यात साडी बदलून सासूबाई बाहेर आल्या आणि ऐटीत मागच्या सीटवर बसल्या.

"जावईबापू, इंजिनाच्या झाकणाचे बोल्ट घट्ट आवळा," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "ह्यांना पान्यानेसुद्धा उघडता येणार नाहीत असे."

पाने सासऱ्याचे होते, पण रोजचा स्वयंपाक सासूबाईंच्या हातचा होता. जावई खाली वाकला आणि सासऱ्याची नजर चुकवून बोल्ट आवळू लागला.