हॉबर्टने पाडलेली भोकं

हॉबर्ट स्टिडमने बायकोला फोनवर सांगितलं होतं की पाठ धरली आहे, त्यामुळे खुराड्याचं छप्पर काही झालेलं नाही. डेल्फिया तेव्हा डेटनला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. "पडून राहा, वाकू नकोस," ती तिकडून म्हणाली. हॉबर्टने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि हातोडी घेऊन कामावर निघाला.

काम सिनेमाचं होतं. पलीकडच्या खोऱ्यातल्या लाकूडतोड्याची मुलगी वर्नेल टॅकेट नॅशव्हिलला जाऊन कंट्री गाणी गाऊ लागली आणि इतकी मोठी झाली की आता तिच्या आयुष्यावर सिनेमा निघत होता. तिचं जन्माचं घर केव्हाच पडलं होतं. मग सिनेमावाल्यांनी स्टिडमांच्या वाटेवरच्या टेकाडावर एक नवं जुनं घर बांधायला घेतलं. हॉबर्टचा जन्म लाकडाच्या गिरणीत गेलेला. क्रँडल नावाच्या दिग्दर्शकाने त्याला बोलावून सांगितलं, "छपराला सोळा भोकं पाहिजेत. उन्हाचा कवडसा मी म्हणेन तिथंच पडला पाहिजे."

हॉबर्टने जीव ओतून भोकं पाडली. बायको येईपर्यंत ही मंडळी आपला गाशा गुंडाळून जातील, असा त्याचा अंदाज होता. पण आठवडाभर पाऊस लागला, शूटिंग लांबलं आणि शनिवारी दुपारी डेल्फिया बसमधून उतरली.

तिला घरी नेताना ट्रक टेकाडाखाली आला तसा हॉबर्टने वेग वाढवला.

"थांबव," डेल्फिया म्हणाली. "हे कुणाचं घर?"

"कोण की. नवीन आलेत."

पायरीवर ठिगळांचा झगा घातलेली एक हडकुळी बाई बटाटे सोलत बसली होती. ती वर्नेलच्या आईचं काम करणारी नटी होती. सकाळी झगा चढवला की झोपेपर्यंत ती वर्नेलची आईच असे, बोलणंसुद्धा त्याच ढंगाचं. बाकीची मंडळी गावातल्या मोटेलवर निघून गेली तरी ही गरिबी अंगात मुरवत तिथंच बसायची. हॉबर्टला हे ठाऊक होतं. डेल्फिया टेकाड चढू लागली. तरीही आता सगळं बाहेर पडणार, असं वाटून तो स्टिअरिंग धरून बसून राहिला.

दहा मिनिटांनी डेल्फिया डोळे पुसत परत आली.

"आठ पोरं आहेत, हॉबर्ट. लाकडं गोळा करायला गेलीत म्हणे. नवऱ्याची गिरणी बंद पडली. कालपासून चूल पेटलेली नाही. आणि छप्पर पाहिलंस का? चाळण आहे, चाळण."

हॉबर्टला इतकं हायसं वाटलं की त्याने मोठ्याने उसासा टाकला. डेल्फियाला वाटलं, त्यालाही कळवळा आला. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "उद्या चर्चहून आल्यावर आपण जायचं. पाठ दुखत असेल तर सावकाश कर, पण कर."

"डेल्फिया, ते घर म्हणजे..."

"परक्याचं आहे, माहीत आहे मला. माणसाने असं बोलू नये."

हॉबर्टने ट्रक सुरू केला. खरं सांगायचं तर पाठीपासून सुरुवात करावी लागली असती.

रविवारी शूटिंगला सुट्टी होती आणि नटीसुद्धा गावात गेली होती, त्यामुळे टेकाडावर चिटपाखरू नव्हतं. "पोटासाठी कुठे गेली असतील बिचारी," डेल्फिया म्हणाली. तिने ट्रकमधून पत्रे, चुन्याची बादली, दोन गोधड्या, पडदे आणि घेवड्याचं भलंमोठं पातेलं उतरवलं. मग ती घराच्या मागच्या बाजूला गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हॉबर्ट, मागची भिंतच नाही."

तिथून कॅमेरा आत यायचा होता. हॉबर्टने भिंतीकडे, म्हणजे ती नव्हती तिकडे, बराच वेळ पाहिलं. "नाही खरी," तो म्हणाला.

"कसला हा बाप्या. आठ पोरं झाली, पण चौथी भिंत काही झाली नाही. फळ्या कुठून आणायच्या आता?"

"त्या ओकच्या मागे असतील."

फळ्या तिथंच निघाल्या. "तुला कसं कळलं?" डेल्फियाने विचारलं.

"वास आला. चाळीस वर्षं गिरणीत होतो मी."

दुपारभर तो राबला. पंधरा दिवस खपून पाडलेली भोकं त्याने एकेक करून पत्रा ठोकून बंद केली. डेल्फिया खाली उभी राहून राहिलेली भोकं दाखवत होती. मधूनमधून विचारायची, "पाठ कशी आहे?" तो कण्हायचा. काळोख पडायच्या आत घराला चार भिंती झाल्या होत्या, आतून चुन्याचा हात फिरला होता आणि खिडकीला फुलाफुलांचे पडदे लागले होते. "आल्यावर त्या बाईचा चेहरा बघायला पाहिजे होता," डेल्फिया म्हणाली. हॉबर्टच्या डोळ्यांसमोर वेगळाच चेहरा येत होता.

तो चेहरा सोमवारी सकाळी आठ वाजता दारात उभा राहिला. डेल्फिया मक्याचा पाव कापत होती.

"मिस्टर स्टिडम, लगेच चला," क्रँडल म्हणाला. "तुम्ही पाडलेली सगळी भोकं कुणीतरी बुजवलीत. मागे भिंतसुद्धा घातली आहे. आज वर्नेलबाई स्वतः शूटिंग बघायला येणार आणि कॅमेरा आत जात नाही. तुमच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. पंधरा दिवस कसे माकडासारखे छपरावर चढत होतात."

डेल्फियाने सुरी सावकाश खाली ठेवली. आधी क्रँडलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पाठ कशी आहे?" तिने विचारलं.

"आता बरी आहे," हॉबर्ट म्हणाला.

ती अंगावर कोट चढवून ट्रकमध्ये जाऊन बसली. "बुजवली मी, तोंड दाखवायलाही मीच जाणार," एवढंच वाटेत म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते.

टेकाडावर पन्नास माणसं हात बांधून उभी होती. घेवड्याचं पातेलं अर्धं झालं होतं. ठिगळवाली नटी पायरीवरून उठली आणि डेल्फियाचे हात धरून म्हणाली, "काकू, पोरं पोटभर जेवली हो."

"चूप बस," डेल्फिया म्हणाली. "आता कुणावर विश्वास ठेवायचा तेच कळत नाही मला."

तेवढ्यात वर्नेल टॅकेट आली. साध्या पँटमधली, पन्नाशीची ठेंगणी बाई. ती थेट घरात शिरली. क्रँडल तिच्यामागे धावला. दारातून हॉबर्टला दिसलं, तिने मान वर करून छप्पर पाहिलं, मग गोधडीवरून हात फिरवला.

"हे कुणी केलं?"

"गैरसमज झाला," क्रँडल म्हणाला. "तासाभरात पुन्हा भोकं पाडून..."

"हात लावायचा नाही कुणी. तुमच्या लेखकाला मी तीनदा सांगितलं होतं. गरीब होतो आम्ही, पण आमचं छप्पर गळत नव्हतं. भोक पडलं की बाबा त्याच दिवशी वर चढायचे. पिठाच्या पोत्यांचे पडदे शिवायची माझी आई, आणि तुम्ही तिला सोळा भोकांखाली पोरं झोपवणारी करून दाखवणार होतात. थिएटरात तिच्याशेजारी बसायचं आहे मला."

क्रँडलचा चेहरा उतरला. "भिंत तेवढी काढावी लागेल. आणि तुमचं पहिलं गाणं? भोकातून चेहऱ्यावर उजेड पडतो, त्या प्रसंगाचं काय करू?"

"उजेड हवा असला की आम्ही दार उघडायचो," वर्नेल म्हणाली.

बाहेर येऊन तिने डेल्फियाला मिठी मारली आणि पातेल्यातला घेवडा उभ्या उभ्या दोन वाट्या खाल्ला. डेल्फियाच्या छातीवरचा धोंडा उतरला. भिंत काढायचं काम अर्थातच हॉबर्टकडे आलं. त्याने ते मुकाट्याने, एकदाही न कण्हता केलं.

परतताना ट्रकमध्ये तो बोलणी खायच्या तयारीत होता. निम्मी वाट संपली तरी काही येईना.

"ती भोकं तू एकट्याने पाडलीस?" शेवटी डेल्फियाने विचारलं.

"हो."

"वाऱ्यापावसानेच पडलीत असं वाटलं. फसले मी."

चाळीस वर्षांत हॉबर्टने तिला कपाटं, टेबलं, पाळणा, सगळं करून दिलं होतं. त्यातल्या कशाबद्दलही ती इतकं बोलली नव्हती. त्याने ट्रकचा वेग कमी केला.

"धुराड्याजवळचं पाहिलंस का?" तो म्हणाला. "ते फार अवघड होतं."

"तेच पाहून मला रडू आलं," डेल्फिया म्हणाली.