सासऱ्यांची तिसरी प्रत

"किटली लावायची नाही, रेडिओ लावायचा नाही, आणि माझ्या पाठीमागे उभं राहून सुस्कारे सोडायचे नाहीत," नोलीनने सकाळी नऊ वाजता जाहीर केलं. "आज मी बॅकअप घेणार आहे."

तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे क्लॅरीच्या, हातात किटली होतीच. त्याने ती खाली ठेवली. गेल्या हिवाळ्यापासून या घरात त्याचं मत कोणी विचारत नव्हतं, आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं.

नोलीनचे वडील, म्हणजे आर्ची ट्रेलोर, आमच्या वॅटल इनलेटच्या शेतकी जत्रेत तीस वर्षं लाकूडतोडीच्या शर्यतींचं समालोचन करायचे. कुऱ्हाडवाले ओंडके फोडायचे आणि आर्ची भोंग्यातून कुऱ्हाडवाल्यांना फोडायचे. लोक शर्यतीपेक्षा त्यांनाच ऐकायला यायचे. ते गेल्यावर त्यांच्या आवाजाच्या बेचाळीस कॅसेटी तेवढ्या उरल्या. नोलीनने वाचनालयातल्या रोवीनाच्या मदतीने दोन महिने खपून त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. शेवटची कॅसेट उतरली त्याच आठवड्यात क्लॅरीने गराज आवरायला काढलं आणि दोन्ही खोकी कचरा डेपोत टाकून आला.

"कॉम्प्युटरमध्ये आहेत ना आता?" तो म्हणाला होता.

"आणि उद्या कॉम्प्युटरच बंद पडला तर?"

एवढा पुढचा विचार क्लॅरीने केला नव्हता. त्यानंतर नोलीन तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, आणि ते ऐकल्यावर आधीचे तीन दिवस बरे होते असं क्लॅरीला वाटलं.

"तुला ती एकोणऐंशी सालची कॅसेट नकोच होती," ती म्हणाली. "एक टाकली तर संशय येईल म्हणून बेचाळीसच्या बेचाळीस टाकल्यास."

हे अगदीच खोटं नव्हतं. एकोणऐंशी साली, नोलीनला मागणी घालायच्या तयारीत असताना, क्लॅरीने भावी सासऱ्यांवर छाप पाडायला म्हणून लाकूडतोडीत भाग घेतला होता. तो शेवटचा आला. सासऱ्यांनी समालोचनात त्याची जी खिल्ली उडवली ती गावात अजून तोंडपाठ आहे. गेली चाळीस वर्षं ही कॅसेट लागली, की दोन वाक्यांत क्लॅरी उठायचा आणि "कोंबड्यांना पाणी घालून येतो" म्हणून बाहेर पडायचा. आमच्याकडे इतकं पाणी प्यायलेल्या कोंबड्या दुसऱ्या कुणाच्या नाहीत.

तर नोलीनने मंगळवारी रोवीनाच्या नवशिक्यांच्या कॉम्प्युटर वर्गात नाव घातलं. रोवीनाने फळ्यावर लिहून दिलं होतं, तीन प्रती हव्यात. एक कॉम्प्युटरमध्ये, एक वेगळी काढून ठेवलेली, आणि एक घरापासून लांब. नोलीनने वहीत तिन्हीखाली दोन दोन रेघा ओढल्या.

आता ती थर्मास, सँडविच आणि विणकाम घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली. बेचाळीस कॅसेटी उतरवायला दोन महिने लागले होते, त्या हिशेबाने संध्याकाळ तर होणारच होती. तिने पेनड्राइव्ह खोचला. पडद्यावर कोपऱ्यात वाकडा छोटा बाण असलेलं 'बाबा' नावाचं चित्र होतं. तिने ते श्वास रोखून उचललं आणि पेनड्राइव्हवर नेऊन सोडलं.

"झालं!" ती म्हणाली.

"झालं?" क्लॅरी दारातून म्हणाला. "दोन खोकी कॅसेटी? एका सेकंदात?"

"खोकी कुठे त्यात? नुसता आवाज आहे. आवाजाला वजन असतं का?"

क्लॅरी तडक किटलीकडे गेला. ती लावायची परवानगी आता मिळाली होती.

पेनड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नोलीनने दाराजवळच्या निळ्या एस्कीत, म्हणजे सहलीला नेतात त्या बर्फाच्या पेटीत, ठेवला. आमच्याकडे उन्हाळा आला की प्रत्येक घरात दाराशी एक पेटी भरून तयार असते. वणव्याचा इशारा आला की ती उचलायची आणि गाडीत बसायचं. नोलीनच्या पेटीत लग्नाचा दाखला, घराचे कागद, मांजराच्या लसींचं कार्ड, फोटो आणि आता बाबा होते. एस्कीच्या झाकणावर तिने चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'महत्त्वाचं'. हे लिहिणं भाग होतं, कारण मासे आणि बिअर थंड ठेवायची दुसरी निळी एस्की अगदी तशीच होती. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या.

गुरुवारी क्लॅरीने चांगलं वागायचं म्हणून दोन्ही एस्की बाहेरून स्वच्छ पुसल्या, दोन्ही झाकणं धुऊन उन्हात वाळत घातली, संध्याकाळी मासे-बिअरच्या एस्कीत दुसऱ्या दिवशीचं खाणंपिणं भरलं आणि झाकणं परत लावली. चांगलं वागण्याच्या नादात कुठलं झाकण कुठलं, हे बघायचं राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी त्याचा मित्र मर्व्ह मासेमारीला निघाला. क्लॅरीने त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "माझी एस्की घेऊन जा लेका. सॉसेज, पाव, बिअर, सगळं भरून ठेवतो. दाराशी आहे. लिहिलेली सोड, कोरी घे." मर्व्हने लिहिलेली सोडली आणि कोरी घेतली. तसा तो सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे.

अकरा वाजता सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. डोंगरापलीकडे वणवा लागला होता आणि वारा गावाकडे होता. नोलीनने मांजर उचललं, क्लॅरीने 'महत्त्वाचं' उचललं, आणि वीस मिनिटांत दोघं फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये पोहोचले. अर्धं गाव आधीच तिथे होतं.

"कॉम्प्युटर आणायला हवा होता का रे?" नोलीन खिडकीतून धुराकडे बघत म्हणाली.

"कशाला? बाबा आहेत ना आपल्याबरोबर," क्लॅरी म्हणाला आणि एस्कीवर प्रेमाने थाप मारली. आतून बाटल्या किणकिणल्या.

नोलीनने त्याच्याकडे बघितलं. मग झाकण उघडलं. आत दोन डझन सॉसेज, पाव, बिअर, आणि आमिषाच्या माकुलाची एक पिशवी होती.

"क्लॅरी," ती फार हळू आवाजात म्हणाली, "माझे बाबा कुठे आहेत?"

क्लॅरीने झाकण बघितलं, मग पेटी बघितली, मग कालची दुपार आठवली. "मर्व्हबरोबर मासेमारीला गेलेत," तो म्हणाला.

मर्व्हला फोन लागेना. भूशिराच्या पलीकडे गेलं की रेंज नसते. इकडे कुणीतरी सॉसेज क्लबच्या शेगडीवर टाकले, वास सुटला आणि हॉलभर बातमी पसरली की क्लॅरीने सगळ्यांसाठी जेवण आणलंय. लोक येऊन त्याचे हात हातात घेऊ लागले. "अशा वेळी दुसऱ्यांचा विचार करणारी माणसं कमीच," असं म्हणून एका म्हातारीने त्याचा मुका घेतला. क्लॅरी आयुष्यात इतका लोकप्रिय कधीच झाला नव्हता, आणि बायको त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

दोन वाजता मर्व्ह आला. समुद्रावरून धूर बघून त्याने बोट फिरवली होती. त्याने निळी एस्की धाडकन टेबलावर ठेवली.

"भुकेने जीव जातोय," तो म्हणाला. "झाकण उघडतो तर आत तुमच्या लग्नाचा दाखला! अर्धा तास विचार केला, लेका, भाजून लागेल कसा."

"ओलं तर नाही ना केलंस काही?" नोलीन उठत म्हणाली.

"छे गं. वर फक्त दोन मासे ठेवलेत."

लग्नाच्या दाखल्यावर खवले होते, मांजराच्या कार्डावर मांजर लगेच जाऊन बसलं, पण पिशवीतला पेनड्राइव्ह कोरडा ठणठणीत निघाला. नोलीनने तो गालाला लावला. रोवीना लॅपटॉप घेऊन आली होती. "एकदा लावून बघू या का?" ती म्हणाली, "तेवढाच तुमचा जीव शांत होईल."

पडद्यावर 'बाबा' उमटले. रोवीनाने त्यावर क्लिक केलं. काहीच झालं नाही. तिने परत क्लिक केलं, आणि मग तिचा चेहरा पडला.

"नोलीन, हे पेनड्राइव्हवर आलं, ते किती वेळात?"

"एका सेकंदात," नोलीन अभिमानाने म्हणाली.

"हा नुसता शॉर्टकट आहे हो, दारावरची पाटी," रोवीना हळूच म्हणाली. "पाटी तुम्ही घेऊन आलात, घर तिथेच राहिलं."

म्हणजे आर्ची ट्रेलोर ना एस्कीत होते ना समुद्रात. ते डोंगराखालच्या घरात, त्या एका कॉम्प्युटरमध्ये होते, आणि वारा अजून तिकडेच होता. नोलीन रडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि रिकामी पिशवी व्यवस्थित घडी घालायला लागली. क्लॅरीला ते बघवेना. खोकी डेपोत त्यानेच टाकली होती आणि ते त्याला आता टोचत होतं. तो उठला आणि तडक बाहेर गेला.

रस्त्याच्या तोंडाशी अग्निशमन दलाची ग्लेनिस पिवळा कोट घालून उभी होती.

"मला घरी जाऊ दे," क्लॅरी म्हणाला.

"रस्ता बंद आहे. कोण राहिलंय घरी?"

"सासरे."

"क्लॅरी, मी त्यांच्या अंत्ययात्रेला होते."

"म्हणूनच तर! दुसऱ्यांदा नको!"

ग्लेनिसने त्याला नुसतं खांद्याला धरून मागे वळवलं. तिच्या एका हातातली ताकद क्लॅरीच्या दोन पायांना भारी होती. मागे नोलीन उभी होती.

"चल आत," ती म्हणाली. "एक तर बाबा तिकडे अडकलेत, आता तूही नको. माझ्याकडे तुझी तर एकही प्रत नाही."

क्लॅरीने मान खाली घातली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला इतकं गोड काही म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

चार वाजता वारा फिरला. वणवा डोंगराच्या धारेवरूनच परत वळला आणि जळलेल्या रानातच विझत गेला. पाच वाजता ग्लेनिसने रस्ता मोकळा केला. घर होतं तसं होतं. कोंबड्या रागावलेल्या होत्या, कारण दिवसभरात कुणी पाणी घातलं नव्हतं. कॉम्प्युटरवर बोटभर राख होती आणि गावात वीज नव्हती, म्हणून तो जिवंत आहे की मेला हे कळायला मार्ग नव्हता.

वीज दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मर्व्ह आणि रोवीनाही येऊन थांबले होते. नोलीनने बटण दाबलं. कॉम्प्युटर खोकला, घरघरला, आणि सुरू झाला. तिने हाताला लागली ती फाइल उघडली, आणि आर्ची ट्रेलोर भोंग्यातून गरजले.

"मंडळी! नवशिक्याला सवलत म्हणून क्लॅरीला तीन आकडे मोजताच सोडलं होतं. बाकीचे सुटले पंधरा मोजल्यावर. बाकीच्यांचं तोडून झालं, घाम पुसून झाला, आता ते चहाला निघाले. क्लॅरी अजून आहे. ओंडकाही अजून आहे. दोघांतलं कोण आधी पडतंय ते बघायचं. नोलीन, बाळा, चुलीला लाकडं मिळायची नाहीत, तुझ्या घरात गॅसच घे गं!"

मर्व्ह पोट धरून हसायला लागला. नोलीन एकाच वेळी हसत आणि रडत होती. क्लॅरीचे पाय सवयीने कोंबड्यांकडे वळले, पण तो थांबला. आपण हललो तर हे बंद पडेल, अशी त्याला भीती वाटली. म्हणून तो चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिथे उभा राहिला.

टेपवरचं हसणं ओसरलं. मग आर्चींचा आवाज जरा खाली आला.

"पुरे आता, हसताय काय? कुऱ्हाड बोथट आहे, कबूल. नेम तर विचारूच नका. पण हाताला फोड आलेत, मला इथून दिसतायत, आणि पोरगा सोडत नाहीये. सगळं गाव हसतंय तरी सोडत नाहीये. असला जावई मिळाला तर मी नाही म्हणणार नाही. वाजवा टाळ्या!"

खूप वेळ टाळ्याच वाजत राहिल्या.

"हे होतं त्यात?" क्लॅरीने विचारलं. "तेव्हा मला लोकांचं हसणंच तेवढं ऐकू आलं होतं."

"पहिल्यापासून आहे."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधीतरी बसून ऐकशील म्हणून वाट बघत होते," नोलीन डोळे पुसत म्हणाली. "तू डेपोत टाकून आलास."

त्या दिवशी रोवीनाच्या देखरेखीखाली खरा बॅकअप झाला. त्याला पाऊण तास लागला आणि क्लॅरीने स्वतःहून किटली लावली नाही. एक प्रत एस्कीत गेली. तिचं झाकण आता दोरीने बांधलेलं असतं. तिसरी प्रत घरापासून लांब हवी होती, ती क्लॅरी स्वतः चालत जाऊन मर्व्हला देऊन आला.

रोवीनाने बजावलं होतं की प्रत चालतेय की नाही हे महिन्यातून एकदा लावून तपासायचं. मर्व्ह सांगितलेलं ऐकणारा माणूस असल्याने तो महिनाभर न थांबता दर शनिवारी तपासतो, क्लबात, सगळ्यांसमोर, मोठ्या स्पीकरवर. पहिल्या शनिवारी "गॅसच घे गं" झाल्यावर त्याने टेप थांबवली आणि हॉल हसून हसून लोळला. क्लॅरी मागच्या टेबलावरून उठला. आता हा कोंबड्यांकडे निघाला, असं सगळ्यांना वाटलं.

"मर्व्ह," तो म्हणाला, "अर्धवट तपासायचं नाही लेका. पुढे चालू दे. आणि आवाज वाढव जरा, इथे मागे नीट ऐकू येत नाही."