चार चाके आणि न दिलेला बोकड

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने गाडी धुवायला दुसऱ्याची मदत घ्यावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही! कोणता पदार्थ कशात विरघळतो हे सांगण्यात ज्याने वीस वर्षे घालवली, त्याला चार चाके स्वच्छ करता येऊ नयेत? त्या रविवारी सकाळी मी हेच माझ्या पत्नीला, रुचिताला, समजावून सांगत होतो. ती तांदूळ निवडता निवडता मान हलवत होती. ती मला होकार देत होती की तांदळातल्या खड्यांना, हे मी विचारले नाही.

गाडी खरे तर माझी नव्हे. ती माझ्या सासऱ्यांची, यादोरावांची. चिखल्याच्या मँगनीज खाणीत बत्तीस वर्षे भूगर्भात काम केल्यावर निवृत्त होताना त्यांनी पांढरीशुभ्र गाडी घेतली. पांढरीच का, तर आयुष्यभर काळे पाहून झाले म्हणून! दर रविवारी ते तिला स्वतःच्या हाताने अंघोळ घालत. पुढे डोळ्यांना कमी दिसू लागले, तेव्हा त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि दोन अटी घातल्या. "जावईबापू, गाडीवर डाग नाही पाहिजे. अन् गाडीपुढे लिंबू-मिरची, नारळ, असलं काही नाही पाहिजे."

दुसरी अट सोपी होती. आमच्या दोन्ही घरांत छप्पन सालच्या दीक्षेपासून देवापुढे नारळ फुटलेला नाही. मी स्वतः वैज्ञानिक दृष्टिकोनावर जिल्हाभर व्याख्याने देतो. पहिल्या अटीचे मात्र अवघड झाले. मी रोज तुमसर रोड स्टेशनाबाहेर गाडी उभी करतो आणि रेल्वेने गोंदियाला शिकवायला जातो. रेल्वेच्या ब्रेकमधून उडणारी लोखंडाची बारीक धूळ गाडीच्या रंगात रुतते आणि तिथेच गंजते. तीन महिन्यांत त्या पांढऱ्या गाडीला गोवर झाल्यासारखे तांबूस ठिपके आले होते!

आणि त्या दिवशी अकरा वाजता सासरे गाडी पाहायला येणार होते. डाग दिसला तर चावी परत. त्यांनी तसे फोनवर सांगितलेच होते. आणि सांगताना ते हसलेही नव्हते.

"साबणानं धुवून टाका ना," रुचिता म्हणाली.

"साबणाने धूळ जाते. हे रुतलेले लोखंड आहे! यासाठी आयर्न रिमूव्हर मागवले आहे."

"एका कोपऱ्यात लावून तं पाहा आधी."

"रुचिता, मी प्रयोगशाळेत..."

"हो, माहीत आहे मले. मागच्या वर्षी तुम्ही असंच बोलून माह्या लुगड्यावरची हळद काढली होती. हळदही गेली अन् लुगडंही गेलं."

मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. बाटलीवरच्या सूचना दोनदा वाचल्या. गाडी सावलीत हवी, होती, कडुनिंबाखाली. पत्रा थंड हवा, होता. हातात रबरी मोजे हवेत, चढवले. औषध अंगावर वाळू द्यायचे नाही, पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुवायचे. पाण्याचा पाइप नळाला जोडून तयार होता. अशी शिस्त आमच्या विद्यापीठातही पाहायला मिळत नाही!

चारही चाकांवर आणि गाडीच्या डाव्या अर्ध्या अंगावर मी औषध फवारले. सुरुवातीला ते पाण्यासारखे रंगहीन होते. मिनिटभरात ठिपक्याठिपक्यातून जांभळट लाल ओघळ फुटले. चाकांतून तर धारा लागल्या! चाकांत साचलेली ब्रेकची धूळ विरघळून उतरत होती. कुजक्या अंड्यांचा भपकारा सुटला. मला अपार आनंद झाला. पुस्तकातले समीकरण दारात वाहत होते!

मी नळ सोडला. पाइपने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला.

"लाईन गेली जी!" आतून रुचिता ओरडली. "टाकीतही पाणी नाही. मोटर लावणारच होती मी!"

चार मिनिटे उरली होती. मी बादली उचलली आणि शेजारच्या पार्वताकाकूंच्या हातपंपाकडे धावलो. पार्वताकाकू अंगणात धान वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली. समोर मी, कोपरापर्यंत लाल झालेले मोजे, शर्टावर शिंतोडे, हातात बादली! माझ्या मागे आमच्या दारातून निघालेला लाल ओहळ उतारावरून त्यांच्याच फाटकाकडे येत होता.

"काकू, पाणी! लवकर! वाळलं तर मामाजी मला सोडणार नाहीत!"

त्यांनी हातपंप हापसला. मी सहा खेपा केल्या. सहाव्या खेपेला त्या आमच्या दारात येऊन चारही चाकांकडे पाहत उभ्या होत्या. नाकाला पदर होता, पण डोळ्यांत अपार कौतुक होते.

"बाप्पा! चारही चाकायले दिला?"

"काय दिलं?"

"आम्ही ट्रॅक्टर घेतला तवा एकाच चाकाले दिला होता. मोठं मन लागते, सर!"

इथे मला वाचकांना आमच्याकडची रीत सांगायला हवी. नवी गाडी आली, की आमच्या भागात कोणी नारळ फोडतो, कोणी कोंबडा देतो. ट्रॅक्टर असला तर काही जण बोकड देतात. आणि ज्याने बोकड दिला, त्याने गल्लीला जेवू घालायचे. सगळ्या रीतीतला हाच भाग सर्वांत काटेकोरपणे पाळला जातो.

"काकू, मी बोकड दिलेला नाही!"

"नका सांगू. मी कोणाले सांगत नाही." आणि त्या कोणाला तरी सांगायला लगबगीने निघून गेल्या.

मी चाके पुसत होतो तेवढ्यात सेवकराम आला. तो रेल्वेत गँगमन होता, आता निवृत्त आहे. सायकल भिंतीला टेकवून त्याने पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला.

"सर, मले मुंडी नको. फक्त पायाचे तुकडे पाहून टाका."

"सेवकराम, हे रक्त नाही! हे एक रसायन आहे. लोखंडाशी संयोग झाला की ते लाल होतं."

सेवकराम विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला.

"गेल्या साली आरोग्य शिबिरात तुम्हीच सांगितलं होतं ना, रक्त लाल दिसते ते त्यातल्या लोहानं?"

"हो, पण..."

"मंग! लोहानंच लाल झालं म्हणता, तं रगतच झालं ना हे! सर, लपवून कायले राहिले? आम्ही काय तुमच्या व्याख्यानात येऊन सांगणार आहो काय?"

वीस वर्षांच्या अध्यापनात माझ्याच वाक्याने मला इतके कधी तोंडघशी पाडले नव्हते.

"वास मात्र बरा नाही," सेवकराम हळूच म्हणाला. "बोकड शिळा तं नव्हता?"

साडेदहापर्यंत फाटकाशी बारा-पंधरा माणसे जमली. सगळ्यांच्या हातात डबे, पातेली, आणि चेहऱ्यावर माझ्याबद्दल नवा आदर! आजवर मी या गल्लीत विज्ञानावर सात व्याख्याने दिली. श्रोते कधी पाचांच्या वर गेले नाहीत.

आणि त्याच क्षणी ऑटोतून यादोराव उतरले.

मी पुढे होऊन म्हणालो, "जयभीम, मामाजी!"

"जयभीम." त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिले, ओहळाकडे पाहिले, डब्यांकडे पाहिले. "स्टेशनवर चहा घेऊन राहिलो होतो. तिथं एक माणूस म्हणे, चिखल्याच्या यादोरावच्या जावयानं गाडीले बोकड कापला." त्यांनी तळहात पुढे केला. "चावी द्या."

मी चावी त्यांच्या हातावर ठेवली. "मामाजी, तुम्ही ऐकून तर घ्या..."

"मी खाणीत पूजेच्या बोकडाची वर्गणी बत्तीस वर्षं दिली नाही, जावईबापू. लोकायनं बोलणं बंद केलं, तरी दिली नाही. अन् माह्याच गाडीखाली?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. खालच्या ओठाला बारीकसा कंप होता. मला गाडीपेक्षा त्या ओठाचीच जास्त काळजी वाटली. रुचिता दारातून पुढे आली.

"बाबा, यायले कोंबडी धरता येत नाही. बोकड काय कापतील?"

संपूर्ण गल्ली क्षणभर विचारात पडली. माझ्या बाजूने मांडलेला तो पहिला ग्राह्य पुरावा होता.

"सिद्ध करा," यादोराव म्हणाले.

आता मी माझ्या मैदानात होतो! बाटली उचलली आणि सर्वांसमोर सेवकरामच्या सायकलच्या गंजक्या रिमवर फवारली. सगळे रिमवर ओणवे झाले. मग रिममधून लाल ओघळ उतरला.

"अवं माय!" पार्वताकाकू ओरडल्या. "सायकलले कोण बोकड दिला?"

मग मी प्लास्टिकच्या बादलीवर फवारले. काही झाले नाही. "पाहा, यात लोखंड नाही!" मी विजयी मुद्रेने म्हणालो. यादोरावांनी वाकून बादली पाहिली, रिम पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरची गाठ सुटली.

तिथेच मी थांबायला हवे होते. पण पार्वताकाकूंनी विळा आणला. "माह्या विळ्याले मारून पाहा ना, सर!" कोणी फावडे आणले, कोणी भाजी चिरायची पावशी, कोणी तवा.

"तव्यावर नाही! त्यावर पोळी भाजायची आहे!" मी तवा तेवढा परत केला. बाकी कुणाला नाही म्हणणार? वैज्ञानिक दृष्टिकोन डोळ्यांदेखत पसरत होता! दरवेळी लाल धार उतरली, की टाळ्या पडत. अकराव्या टाळीला बाटलीने फुस्स केले. गाडीची उजवी बाजू अजून तशीच होती.

यादोरावांनी बोनेटवर डोळे मिटून हात फिरवला. डोळ्यांना दिसत नव्हते ते त्यांच्या बोटांना दिसे. डावीकडे हात काचेवरून घसरावा तसा घसरला. मध्यावर आला आणि थांबला. उजवीकडे नुसता खरखरीत रेजमाल कागद!

"अर्धी झाली," ते म्हणाले.

"अर्धी झाली," मी मान्य केले.

"डावीकडून तं नव्यासारखी लागते." चावी त्यांच्या बोटांत फिरत होती. "पुढच्या रविवारी दुसरी बाटली आणून ठेवा. अर्धी बाजू मी करतो. तवापर्यंत चावी तुमच्यापाशी."

मी मोजे उतरवले. पण माणसे हलेनात. पार्वताकाकू घुटमळत म्हणाल्या, "म्हणजे बोकड नाहीच का, सर? मी तं भात मांडून ठेवला. भाजी केली नाही."

"माह्या घरी मसाला वाटून झाला," सेवकराम म्हणाला.

चौकशीत कळले, की गल्लीत एकाही घरी भाजीची फोडणी पडली नव्हती. मी सासऱ्यांकडे आधारासाठी पाहिले. आयुष्यभर कामगार संघटनेत राहिलेला माणूस! त्यांनी दोन्ही बाजू तोलल्या.

"बोकड दिला नाही, हे खरं. पण लोकायनं तुमच्यामुळं भाजी केली नाही, हेही खरं. हे काही पूजेचं जेवण नाही. नुकसानभरपाई आहे."

आणि अर्धी चकचकीत, अर्धी ठिपक्यांची गाडी घेऊन मी तुमसरला मटण आणायला गेलो. ज्या घरात छप्पन सालापासून नारळ फुटला नाही, त्या घराच्या दारात दुपारी चाळीस माणसे जेवली. सगळ्यांनी विज्ञानाची स्तुती केली. सेवकरामने तीनदा रस्सा घेतला.

पुढच्या रविवारी यादोराव सकाळी आठलाच हजर झाले. टाकी भरलेली होती. त्यांनी रबरी मोजे घातले, सूचना माझ्याकडून तीनदा वाचून घेतल्या आणि खाणीत सुरुंग लावावा तेवढ्या गांभीर्याने उजव्या बाजूवर फवारले. लाल ओघळ उतरले, लगेच पाणी पडले. सगळे निर्दोष! मी उतारावर माती टाकून ओहळही अडवला होता. गल्लीत एक थेंब गेला नाही.

नऊच्या सुमारास फाटक वाजले. सेवकराम होता. मागे पार्वताकाकू, त्यांच्या मागे बाकीचे. सेवकरामने फक्त राखेने घासून लख्ख केलेला डबा फाटकाच्या खांबावर ठेवला आणि झाकण उघडून बाजूला ठेवले.

सासऱ्यांनी डब्याकडे पाहिले. मग स्वतःच्या लाल मोज्यांकडे पाहिले. बत्तीस वर्षे वर्गणी न दिलेला तो माणूस सावकाश माझ्याकडे वळला.

"जावईबापू," ते दबक्या आवाजात म्हणाले, "गेल्या खेपेचं मटण कोणाकडचं होतं?"

आता गाडीला पुन्हा ठिपके येऊ लागले आहेत. मी त्यांना अजून हात लावलेला नाही. कोणी विचारले, तर सांगतो, की रंगावर गंजाचा परिणाम किती दिवसांत होतो, याचा अभ्यास चालू आहे.