ही गोणी परत करावी

“अवो, तुमचा वन्यजीव मोरीत बसलाय!”

कुंडलिक गुरुजी दाढीला साबण लावून आरशासमोर बसले होते. बायकोची, मैनाबाईंची, हाक ऐकून ते तसेच धावले. मोरीत पाण्याच्या पिंपाआड हातभर शेपूट पसरून एक घोरपड बसली होती. तिने जीभ बाहेर काढून पाहिलं मात्र, गुरुजी मागे सरले ते थेट चुलीपाशी जाऊन थांबले.

दुसऱ्या कोणाच्या मोरीत ती शिरली असती तर काही बिघडलं नसतं. पण चारच दिवसांपूर्वी, वन्यजीव सप्ताहात, गुरुजींनी शाळेच्या ओट्यावर अख्खा पाडा गोळा करून पाऊण तास भाषण ठोकलं होतं. घोरपड ही शेतकऱ्याची मैत्रीण आहे, तिला मारणं गुन्हा आहे, ती घरात आली तर मायेनं वागवावं आणि दूर रानात सुखरूप सोडावं. शेवटी मुलांसकट मोठ्यांनाही हात पुढे करून शपथ घ्यायला लावली होती. घोरपडीच्या रश्श्यासाठी पार वैशाखरे गावापर्यंत नाव कमावलेल्या जयरामनेसुद्धा हात पुढे केला, तेव्हा गुरुजींचा ऊर भरून आला होता.

“मैत्रीण ना तुमची? मग बोला की तिच्याशी,” मैनाबाई म्हणाल्या. “माझी दोन अंडी गिळली तिनं.”

“हळू बोल! जयरामला कळलं तर काठी घेऊन येईल.”

गुरुजींनी वनखात्याची पुस्तिका काढली. ‘शांत राहावे. दार उघडे ठेवावे. प्राणी आपोआप निघून जातो.’ गुरुजींनी दार उघडं ठेवलं. घोरपड गेली नाही. एक कोंबडी मात्र आत आली, तिने पाहुणीला पाहिलं आणि सगळ्या घरभर पिसं उडवत बाहेर पळाली. ‘अंगावर हलके पाणी शिंपडावे.’ गुरुजींनी लांबून तांब्या उडवला. ऑक्टोबरच्या उकाड्यात घोरपडीला ते फार आवडलं आणि ती अंग सैल सोडून पसरली.

शेवटी तिसरा उपाय. ‘अंधाऱ्या पिशवीत आमिष ठेवावे.’ शाळेत मुलांना वाटायच्या तांदळाची एक रिकामी गोणी घरात होती. पाड्यावर गेलेल्या गोण्या परत येत नसत, म्हणून गुरुजींनी प्रत्येकीवर निळ्या रंगाने, आपल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘ही गोणी शाळेस परत करावी’. आत अंडं ठेवलं. घोरपड डुलत डुलत गोणीत शिरली आणि मैनाबाईंनी तोंड बांधलं. गुरुजी त्या वेळी चुलीपाशी उभे राहून मार्गदर्शन करत होते.

पुस्तिकेत लिहिलं होतं की प्राणी किमान तीन किलोमीटर लांब, रानात सोडावा. गुरुजींनी गोणी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि घाटाच्या दिशेने निघाले. एक किलोमीटर निवांत गेला. मग रस्त्यात हात करून उभा राहिलेला माणूस दिसला आणि तो नेमका जयराम निघाला.

“गुरुजी, थांबा जरा! फाट्यापर्यंत सोडा.” तो पाठीमागे बसलासुद्धा. “गोनीत काय हाय?”

“सुरण,” गुरुजी म्हणाले. आयुष्यात शाळेबाहेर ते सहसा खोटं बोलत नसत.

“येवढा मोठा? आमालाबी फोड द्या की यक.”

तेवढ्यात गोणी उजव्या बाजूला झुकली.

“गुरुजी, सुरण हल्ला.”

“रस्ता खराब आहे,” म्हणत गुरुजींनी फाट्यावर स्कूटर थांबवली.

“मंग आता थांबलोय आपून. तरी हलतोय.”

“ताजा आहे रे!” गुरुजी घामाघूम होऊन ओरडले. जयराम उतरला आणि बराच वेळ मान वाकडी करून त्या ताज्या सुरणाकडे बघत राहिला.

पुढच्या वळणावर गोणीतून एक नखी बाहेर आली आणि गुरुजींच्या घोट्यावरून फिरली. तिथे त्यांची माया संपली. स्कूटर थांबवली, गाठ सोडली, गोणी तशीच्या तशी शेजारच्या अंगणाच्या काटक्यांच्या कुडावरून पलीकडे भिरकावली आणि गाडी वळवली. कुडापलीकडे कोंबड्या कलकलल्या. कूड अंबूबाईचा होता. गुरुजींना तो ओळखू आला नाही असं नव्हतं. अंबूबाई ही त्यांच्या साक्षरता वर्गातली सगळ्यांत थोराड आणि सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. पाटी-पेन्सिल घेऊन याच कुडापाशी बसायची, आणि आता काडेपेटीपासून एस.टी.च्या बोर्डापर्यंत दिसेल ते मोठ्याने वाचायची. ‘घोरपड काय, जाईल रानात,’ असं स्वतःला समजावत गुरुजी घरी आले आणि भरपेट जेवले.

दोन दिवसांनी अंबूबाई शाळेत आली. ओट्याखाली उभी राहून तिने ओंजळ पुढे केली. ओंजळीत अंड्यांची टरफलं होती.

“गुरुजी, घोरपड लागलीय माज्या घराला. खुडूक कोंबडी बशिवली होती, नऊ अंडी खाल्ली तिच्याखालची. लेक बाळंतपणाला येतेय दिवाळीला. पिल्लं तिच्यासाठीच वाढवायची होती.”

गुरुजींच्या कानशिलांत गरम झालं. खरं सांगून टाकावं, असं त्यांना अगदी वाटलं. पण मागे चौथीचा वर्ग कान टवकारून बसला होता.

“जयराम बोल्ला, मारू या,” अंबूबाई म्हणाली. “मी बोल्ले, नाय. आमी शपथ घेतलीय. गुरुजींना बोलवू.”

शरमेने मान खाली घालून गुरुजी तिच्यामागे निघाले. शाळेतून दुसरी गोणी घेतली. अंबूबाईच्या अंगणात पाडा जमला होता आणि वनरक्षक वाल्मिकही सायकल टेकवून उभा होता. गुरुजींनी अंडं ठेवून गोणी उघडी धरली, डोळे मिटून घेतले. घोरपड लाकडांच्या ढिगाखालून निघाली, इकडेतिकडे न बघता सरळ आली आणि घरची असल्यासारखी गोणीत शिरली.

“मंतर हाय, मंतर!” जयराम ओरडला. “हात नाय लावला, काठी नाय उचलली!”

वाल्मिकने गोणी बांधून घाटातल्या रानात नेली. इकडे सरपंचांनी जाहीर करून टाकलं की शनिवारी शाळेत गुरुजींचा सत्कार. “नको, खरंच नको,” असं गुरुजी अगदी कळवळून म्हणाले. लोकांना वाटलं, केवढा विनय!

शनिवारी नारळ झाला, टॉवेल झाला. मुलांनी हात पुढे करून शपथ म्हटली, “दूर रानात सुखरूप सोडू!” ‘दूर’ या शब्दाला गुरुजींनी खोकून घेतलं. सगळ्यांत शेवटी अंबूबाई पुढे आली. तिच्या हातात स्वच्छ धुतलेली, चौघडी घातलेली एक गोणी होती. निळी अक्षरं वरच्या बाजूला होती.

“कुडाच्या आत घावली,” ती हळूच म्हणाली, कोणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू. “परत करावी, असं लिवलंय.”

“तुम्ही... वाचलंत?”

“दोनदा वाचलं. तुमचंच वळण.” तिने घडी त्यांच्या हातात ठेवली. आत काहीतरी गोल गोल लागत होतं. “पाच अंडी हायत. रिकामी कशी द्यायची परत?”

सरपंच म्हणाले, “गुरुजी, दोन शब्द बोला.” गुरुजी उठले. पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला दोन शब्दही सापडले नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांइतकं काही त्यांना आजवर लागलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मैनाबाईंना सगळं सांगितलं. मैनाबाई एरवी अशा वेळी तासभर बोलल्या असत्या. त्या दिवशी त्या उठल्या, आपली खुडूक कोंबडी खालच्या अकरा अंड्यांसकट टोपलीत ठेवली, त्यात अंबूबाईची पाचही मांडली आणि टोपली नवऱ्यापुढे सरकवली.

या खेपेला गुरुजी चालत गेले. वाटेत जयराम भेटला. “आज काय सुरण?” त्याने विचारलं. गुरुजींनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, त्याला कोंबडी दाखवली आणि पुढे गेले.

अंबूबाई कुडापाशी उभी होती.

“अंबूकाकी, ती घोरपड मीच...”

“ठावं हाय.” तिने टोपली घेतली, कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा चेहरा खुलला. “चांगली बसणारी दिसतेय. ठेवा. टोपली उद्या आणून देते परत.”

“नको, नको!” गुरुजी दोन्ही हात जोडून ओरडले. “टोपली राहू द्या तुमच्याकडंच!”

“असं कसं, गुरुजी? परत करायचं तुमीच तर लिवता सगळीकडं,” अंबूबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाईंच्या दारात टोपली येऊन पोचली. तीत एक भला मोठा सुरण होता.