भालेराव काकांची हिरवी वायर

प्लग काढल्यावर भालेराव काका एसीला हात लावत नाहीत. पाट ओढून त्याच्यासमोर बसतात, किटलीतला चहा ग्लासात ओततात आणि तो संपेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. बुवापाड्यातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते एका कळकट एसीसमोर असेच बसले होते. स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलीचा बाप बसतो ना, तसे. मी विचारलं, काय चाललंय?

"राग उतरू दे त्याचा," काका म्हणाले.

मी आमच्या पर्यावरण संघटनेचं पत्रक घेऊन गेले होते. मथळा माझाच: हवेत विष सोडणाऱ्या भंगारवाल्यांनो, जाब द्या. पुढे तीन उद्गारचिन्हं. काकांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, दुसरा ग्लास भरून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, तुझाही उतरू दे.

मग त्यांनी माझं पत्रक तपासलं. पेन्सिलीने. म्हणाले, विष कशाला लिहितेस, खोटं पडशील. हा गॅस बंद खोलीत भरला तर माणूस गुदमरतो, बोटावर उडाला तर गारठ्याने बोट भाजतं आणि वर गेला तर आभाळ तापवतो. एवढं खरं आहे तेवढं लिही, त्यानेच लोक घाबरतील. तीनपैकी दोन उद्गारचिन्हं त्यांनी खोडली. आमच्या संघटनेत हे धाडस आजवर कोणी केलेलं नाही.

मी स्पष्टच सांगते, आपल्याकडे जुना एसी खोलतात तो प्रकार खुनासारखा असतो. कटर घेतात, तांब्याची नळी कापतात, गॅस फुस्सकन आभाळात, कॉम्प्रेसरचं तेल नाल्यात. तांबं तेवढं पोत्यात. आणि ते ज्या सोसायटीतून आलं, तिथले शिकलेले लोक खिडकीत उभे राहून 'आज फार उकडतंय' म्हणतात. भालेराव काका मात्र आधी सिलिंडर आणि गॅस ओढून घ्यायचं मशीन लावतात. काटा खाली बसेपर्यंत नळीला पाना लागत नाही. तेल वेगळ्या कॅनमध्ये जातं, आणि त्या कॅनवर जाड अक्षरांत 'पिऊ नये' लिहिलेलं आहे. कोण पिणार, असं विचारलं तर म्हणाले, तू माणसं बघितली नाहीस.

आणि ती डबी. एसीच्या पोटात एक चकचकीत डबी असते, कपॅसिटर. प्लग काढला तरी तिच्यात वीज साठून राहते आणि हात लावणाऱ्याला फेकून देते. काका चहा संपला की तिला होल्डरमधला जुना बल्ब जोडतात. बल्ब एकदा लुकलुकतो, विझतो. मग ते डबीची दोन्ही टोकं हिरव्या वायरने बांधतात. तीन पीळ, टोक आत दुमडलेलं. पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला कळावं की ही शांत आहे.

मी म्हटलं, बल्बने काम होतंच, मग चहाची वाट कशाला?

"बल्ब मशीनसाठी. चहा आपल्यासाठी. घाईतला हात वायर बघत नाही."

हे तत्त्व उल्हासनगर कॅम्प एकच्या चंदूशेठला मान्य नाही. तो त्यांना टेम्पो भरून माल पाठवतो आणि तासाभराने स्वतः येतो. "भालेराव, तू भंगार खोल रहा है या सत्संग कर रहा है?" काका त्यालाही चहा देतात. शेठ कुरकुरत पितो, आणि दर वेळी बडबडतो की आता दुसरा माणूस बघतो. गेली कित्येक वर्षं तो बघतोच आहे.

एका दुपारी मी अशीच तावातावाने बोलत होते, की कटर चालवणाऱ्यांना पकडून द्यायला पाहिजे. काका पाटावरून म्हणाले, कोणाला पकडशील? त्यांना शिकवलं कोणी? आणि मग, मी न विचारता, मिलिंदचं सांगितलं.

मिलिंद त्यांचा मुलगा. काका ज्या कारखान्यात होते, तिथला कूलिंग प्लांट बंद पडल्यावर त्यांनी ही शेड टाकली, तेव्हापासून तो सोबत होता. सहा वर्षांपूर्वी एकदा घाई होती. काका चहाचा ग्लास विसळत होते आणि मिलिंदने गॅस न काढताच नळी कापली. फुस्स झालं. शेजारी जमले.

"मी आधी थोबाडीत मारली," काका म्हणाले. "बोटं नंतर बघितली."

बोटं बरी झाली. मिलिंद दुसऱ्या महिन्यात कंपनीत लागला, लग्न झाल्यावर बदलापूरला, शिरगावात राहायला गेला. सणावाराला सून फोन करते. तो बोलत नाही. तुम्ही जा ना, मी म्हटलं. काकांनी मान हलवली. आपण गेलो तर पुन्हा प्लग लावल्यासारखं होईल. उतरू दे.

मला हे पटलं नाही. सहा वर्षं कसला चहा पितात? मी सुनेकडून सोसायटीचं नाव काढलं आणि आमची जुन्या एसींची पुढची मोहीम तिथेच लावली. पत्रक नवं केलं: तुमचा जुना एसी कटरवाल्याला देऊ नका, रविवारी खाली आणा, भालेराव काका सुरक्षित खोलतील. काकांचं नाव सर्वांत मोठ्या टायपात. प्रत्येक दाराखालून मी स्वतः सरकवलं. काकांना फक्त शिरगाव म्हणून सांगितलं. रविवारी ते शर्ट इस्त्रीचा घालून आले. भंगार खोलायला.

पार्किंगमध्ये पाच एसी येऊन पडले होते. लोक बाल्कन्यांतून बघत होते, खाली मात्र वॉचमनच. काकांनी एकेकासमोर पाट मांडला, एकेकाचा चहा घेतला. चार झाले. वर एकदाही बघितलं नाही. माझीच मान दुखली.

पाचवा वॉचमनने सकाळीच आणून ठेवला होता. त्याच्या व्हॉल्व्हची टोपणं घट्ट आवळलेली, नळ्यांच्या तोंडांवर कापडाचे बोळे बांधलेले. गॅस आत नीट कोंडून मगच उतरवलेला. काका थबकले. पाट न मांडताच खाली बसले आणि बाजूचं झाकण उघडलं.

डबीच्या दोन टोकांना हिरवी वायर होती. तीन पीळ, टोक आत दुमडलेलं.

तरी त्यांनी बल्ब लावला. सवयच ती. बल्ब लुकलुकला नाही. त्यांनी पुन्हा लावून बघितला. मग तो हातात धरून तसेच बसले, आणि अंगठा त्या पिळावरून एकदा, दोनदा फिरवला, जसा कोणाच्या बोटांवरून फिरवावा.

मला काहीतरी बोलायचं होतं. मला नेहमीच असतं. मी किटली उचलली, ती रिकामी होती. काका, चहा संपला, मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. "येईल."

मी वळून बघितलं. जिन्यावरून एक माणूस हळूहळू उतरत होता. त्याच्या दोन्ही हातांत दोन ग्लास होते, काठोकाठ भरलेले, आणि तो अजिबात घाई करत नव्हता.